पाचवा शब्द आणि आमचा पंखा

लिंबाचा पाला गळायला लागला. त्या पाल्याकडे बघून लोकांना काय काय सुचतं. मला एवढंच सुचतं की आला आमचा उपवासकाळ. म्हणजे आता गुड फ्रायडेपर्यंत रोज संध्याकाळी कुणा ना कुणाच्या घरी प्रार्थनासभा भरणार, चटया अंथरल्या जाणार, गीतं होणार, आणि चहाच्या आधी पाळकसाहेब चष्मा पुसत विचारणार, ‘कुणाची काही विनंती?’ कुणाचं दुखणं, कुणाच्या पोराची नोकरी, कुणाचा कोर्टातला बांध. ज्याला जे सांगायचं ते त्याने उभं राहून सांगायचं, मग सगळ्यांनी मिळून त्यासाठी प्रार्थना करायची. चांगली पद्धत आहे. मी तिच्याविरुद्ध नाही. पण तो प्रश्न आला की अजून माझे कान तापतात. या वर्षी पहिल्याच सभेत शेजारी बसलेल्या माणसाने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि हळूच दाबला. बसून राहा, असा त्याचा अर्थ. समोरच्या रांगेने तोंडं गीतांच्या पुस्तकात घातली. हसत होते.

मी तसा न बोलणारा माणूस. चौसाळ्यात हायवेला लागून माझं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. नाव शमुवेल, पण बोअरच्या मोटारी घेऊन येणाऱ्यांनी त्याचा शामू मिस्त्री करून टाकला, त्याला जमाना झाला. गिऱ्हाईक बोलतं, मी ऐकतो. जळालेली मोटार उघडली की करपलेल्या वार्निशचा वास नाकात चढतो आणि तो दिवसभर उतरत नाही. मोटारवाला नेहमी एकच सांगतो, ‘चांगली चालत होती मिस्त्री, एकदम बसली.’ एकदम कुठलीच बसत नाही. आधी ती तापते. मग आवाज बदलतो. मग थांबून थांबून चालते. पण तेव्हा मालक बांधावर बिडी ओढत असतो आणि म्हणत असतो, चालू आहे ना, मग चालू द्या. मी अशा मालकांना मनात फार शिव्या दिलेल्या आहेत. उपवासकाळातसुद्धा.

माझी बायको एस्तेर अंगणवाडीवर आहे. आमची ख्रिस्ती मंडळी लहान. चर्चला आम्ही देऊळच म्हणतो; ते पत्र्याचं, समोर हापसा, मागं माळ. त्या पत्र्याखाली एस्तेरचा आवाज म्हणजे काय होता, हे बाहेरच्यांना सांगता येणार नाही. पेटी नसली तरी चालायचं. ती गीत उचलायची आणि बाकीचे तिच्यामागे चालत यायचे. आणि गुड फ्रायडेला पाचवा शब्द तिचा. वधस्तंभावर येशूने सात वाक्यं उच्चारली, आमच्यात त्यांना सात शब्द म्हणतात. त्या दुपारी बारा ते तीन सात जणांनी त्यावर बोलायचं. पाचवा शब्द तहानेचा, ‘मला तहान लागली आहे.’ एस्तेर सून होऊन आली त्या वर्षीच जुन्या पाळकसाहेबांनी तो तिला दिला आणि पुढे तो तिचाच होऊन गेला. एखादीची चूल असते तसा. आठवडाभर आधीपासून ती भाकरी थापताना ओठ हलवायची. मी विचारायचो, काय चाललंय. म्हणायची, तहान.

तीन वर्षांपूर्वीच्या त्या दिवसांत ज्वारी निघाली होती. रस्त्याने कडब्याच्या गाड्या जायच्या आणि वाऱ्यावर काड्या आमच्या ओट्यापर्यंत यायच्या. एस्तेर गॅसपाशी उभी असायची आणि मध्येच भाकरी तव्यावर टाकून अंगणात निघून जायची. तोंड लालभडक, मानेवर घामाच्या धारा, पदराने वारा घेत उभी. मी जेवायला बसलेलो. तव्यावरच्या भाकरीचा वास यायचा. थोड्या वेळाने आत यायची तर हात गार. मग जळक्या भाकरीचा राग माझ्यावर. मी उठून उलटवली का नाही. मला उलटवता येत नाही, असं म्हणालो तर म्हणे, मोटारी उघडता येतात, भाकरी उलटवता येत नाही का. 

एकदा मी निबर भेंडी आणली म्हणून ती रडली. खरंच रडली, मोरीच्या कडेला बसून. मग तोंड धुऊन मलाच विचारलं, ‘मी भेंडीसाठी रडले व्हय?’ मी म्हणालो, मला काय माहीत. त्यावर परत रडली. मी दुकानात निघून गेलो. तिथं निदान जळालेली वस्तू कुठं जळाली ते दाखवते.

वैताग मला फार होता. आज हे लिहून टाकतो, कारण देवळात साक्ष द्यायला उभे राहणारे नवरे नेहमी धीराचं, सहनशीलतेचं सांगतात आणि मी मागच्या रांगेत बसून मान हलवतो. माझ्याकडे धीर नव्हता. मला माझी आधीसारखी बायको वेळेवर पाहिजे होती. जेवण पाहिजे होतं, आणि संध्याकाळची प्रार्थना नेहमीसारखी पाहिजे होती. आमच्या घरात दिवे लागायच्या वेळी एक गीत, एक वाचन आणि प्रार्थना, ही माझ्या आईच्या वेळेपासूनची रीत. गीत एस्तेर उचलायची, वाचन मी करायचो. त्या दिवसांत ती म्हणायला लागली, तुमी म्हणा, मी ऐकते. मग म्हणायला लागली, मी आत हाय, करा तुमी. आणि एक दिवस मी हट्टच धरला तेव्हा स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून, हात पुसत, काही राग नाही लोभ नाही अशा आवाजात म्हणाली,

‘मला सध्या देवाशी बोलायचं न्हाई. तुमाला काय सांगायचं ते सांगा.’

मी घाबरलो. मारझोडीच्या, भांडणाच्या घरांत माणूस ज्याला घाबरतो तशी ही भीती नव्हे. जिच्या आवाजामागून मी इतकी वर्षं देवापर्यंत चालत गेलो, तिनेच वाटेत बसकण मारली तर मी पुढे एकटा कुठं जाऊ, अशी. मी एकटाच भिंतीसमोर गीत म्हणालो. माझा आवाज म्हणजे स्टार्टर न लागणारी मोटार. दोन कडव्यांत बसलो.

आणि वर पंखा.

या पंख्याबद्दल सांगितलंच पाहिजे, त्याशिवाय बाकीचं कळणार नाही. आमच्या मधल्या खोलीत एक पंखा आहे, लग्नात आलेला. त्याचा कंडेन्सर कमजोर झाला होता. कंडेन्सर म्हणजे काडेपेटीएवढी डबी. ती गेली की पंखा फिरतो, पण वारं देत नाही. पात्या मोजता येतात. माझ्या दुकानाच्या ड्रॉवरमध्ये असले कंडेन्सर मूठभर पडलेले असतात. एस्तेरने मला दिवाळीपासून सांगितलं होतं, पंखा बघा जरा. मी म्हणायचो, बघतो. नाताळात म्हणाली. बघतो. ज्वारी काढणीला म्हणाली, तेव्हा तर मी डब्यात कंडेन्सर टाकलाही, पण वाटेत एकाने कूलरसाठी अडवलं आणि तो त्याच्या कामी आला. उन्हाळा तोंडावर आला की दुकानात श्वास घ्यायला फुरसत नसते. नांदूरघाटापासून लोक मोटारी घेऊन येतात. त्यांची पिकं वाळत असतात. माझा पंखा काय, फिरत तर होता.

त्या सुमाराला वत्सलामावशींकडे सभा होती. वत्सलामावशी म्हणजे आमच्या मंडळीचं जुनं खोड. बाप्तिस्मा कुणाचाही असो, बाळाला पहिलं त्या घेणार. एस्तेर आली नाही. डोकं दुखतं म्हणाली. मी सर्वांत मागं, दाराशी बसलो होतो. पाळकसाहेबांनी चष्मा पुसला, विचारलं, कुणाची काही विनंती? आणि मी उभा राहिलो.

मी का उभा राहिलो ते मला आजही नीट सांगता येत नाही. मंडळीत मी आयुष्यात उभा राहिलो नव्हतो. माझ्या आईच्या आजारपणातही विनंती एस्तेरनेच सांगितली होती. मी उठलो तशी सगळी खोली वळली, आणि आता बसावं तर बसता येईना.

‘माझ्या मिसेससाठी प्रार्थना करा,’ मी म्हणालो. ‘तिचा स्वभाव बदललाय. घरात प्रार्थनेला बसत नाही. देवाशी बोलायचं नाही म्हणते.’

खोलीत कुणीतरी चुकचुकलं. मग पाळकसाहेबांनी डोळे मिटले आणि सगळ्यांनी मिटले. एस्तेरचं नाव घेऊन लोकांनी मोठ्याने, मनापासून, घाम गाळून प्रार्थना केली. आणि मला, खोटं कशाला बोलू, फार हलकं वाटलं. डोक्यावरचा भारा दुसऱ्याच्या ओट्यावर उतरवावा तसं. आता देव बघेल, मंडळी बघेल. मी चहा दोनदा घेतला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मंडळीतल्या बायका आमच्या घरी आल्या. मी त्या वेळी जेवायला घरी होतो, म्हणून हे डोळ्यांनी पाहिलं. पुढे वत्सलामावशी, हातात गुलकंदाची बरणी. मागं सगळ्या. एस्तेरला काही ठाऊक नाही. ती हसून या या म्हणाली, चटई टाकली. मग एकीने दार लावलं. दुसरीने खिडकी लावली. प्रार्थनेचा आवाज गल्लीत जाऊ नये म्हणून. बाहेर ऊन मी म्हणत होतं, आत दहा-बारा बायका, मध्ये एस्तेर, तिच्या डोक्यावर चार-पाच हात, आणि सगळ्यांच्या वर तो पंखा. मी स्वयंपाकघरात पाटावर बसून घास गिळत होतो. एस्तेरच्या कपाळावरून घाम ओघळत हनुवटीला आला, तिथं थांबला आणि टपकला. ती हलली नाही. ज्या माणसाला अंगणात धाव घ्यायची आहे त्याच्याभोवती आपण प्रेमाने कडं करून उभं राहतो. प्रेमच होतं ते. म्हणून तर तोडता येत नव्हतं.

प्रार्थना संपल्यावर वत्सलामावशींनी गीतांच्या पुस्तकाने वारा घेत वर पाहिलं.

‘एस्तेर, अगं ह्यो पंखा फिरतोय का देवाची वाट बघतोय?’

‘मिस्त्री येणार हाय म्हणं,’ एस्तेर म्हणाली. ‘दिवाळीपासून.’

सगळ्या हसल्या. एस्तेरने सगळ्यांना चहा केला, गॅसपाशी उभं राहून, तशा अंगाने. जाताना एकीने तिचा हात हातात घेऊन सांगितलं, तुझे मिस्टर किती काळजी करतात गं, काल उभं राहून सांगितलं, आवाज कापत होता.

तेवढं कानावर आलं आणि मी मागच्या दाराने दुकान गाठलं.

ती दुकानात आली. एस्तेर माझ्या दुकानात येत नाही, तिला वार्निशचा वास सोसत नाही. चौसाळ्याचाच एक शेतकरी समोर बसलेला, मोटार बाकावर उघडी. ती पायरी न चढता उन्हातच उभी राहिली.

‘काय सांगितलंत मंडळीत?’

‘प्रार्थना करा म्हणालो.’

‘कशासाठी?’

‘तुझ्यासाठी.’

‘माझ्यासाठी म्हंजे माझ्या कशासाठी?’

मी बाकावर पक्कड शोधायला लागलो. शेतकऱ्याने मान खाली घालून मोटारीत बघायला सुरुवात केली, जणू त्याला त्यातलं सगळं कळतं. एस्तेर वळून निघून गेली. तो शेतकरी जाताना म्हणाला, ‘वैनी तापल्यात का वो?’ मी त्याला म्हणालो, मोटार उद्या मिळेल.

मग काय, आमच्या घराला सभागृहाची कळा आली. एकाने तेलाची बाटली आणून चारी कोपऱ्यांना बोटं लावली. एकीने सांगितलं की असं आमच्या चुलतीचंही झालं होतं आणि तिनं वर्षभर मीठ सोडलं. रस्त्यात लोक मला थांबवून विचारायचे, आता बसतात का प्रार्थनेला? तो प्रश्न ऐकून ऐकून मला माझ्याच देवाचा वैताग आला. मी त्याला खासगीत सांगितलं, मी तुझ्याकडे शांती मागितली होती, तू मिरवणूक पाठवलीस.  

आणि मग पाळकसाहेब दुकानात आले. हे पाळकसाहेब वयाने लहान आहेत, माणूस कळवळ्याचा. मोटारसायकल स्टँडला लावून, रुमालाने मान पुसत म्हणाले की ताईंना यंदा विश्रांती देऊ या. तहानेचा शब्द वत्सलामावशींच्या सुनेला देतो. ताईंवर ताण नको. तुमचं काय मत? माझ्या हातात पक्कड होती. मी म्हणालो, बरं.

बरं. एवढाच शब्द. तो म्हणताना मी तिचा विचार केला असेल तर देव मला विचारो. मला वाटलं, एक कटकट कमी.

झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे गुड फ्रायडेच्या आधीच्या रविवारी, आम्ही शिंदीच्या झावळ्या घेऊन हायवेने देवळापर्यंत जातो. त्या सकाळी ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांवरून परतत होत्या. ट्रॅक्टरमागं ट्रॅक्टर, त्यावर संसार, भांडी, कोंबड्या, बाया, आणि बैलांसाठी वर रचलेलं उसाचं हिरवं वाढं. आमच्या हातात झावळ्या, त्यांच्या माथ्यावर वाढं. एका ट्रॅक्टरवरून एक बाई ओरडली, ‘कोणता देव हाय वो तुमचा?’ आणि एस्तेर, जिने कितीतरी दिवसांत गाण्याला तोंड उघडलं नव्हतं, ती वर बघून म्हणाली, ‘तुमच्यावानीच हाय, गावाकडं निघालेला.’ ती बाई हसली. ट्रॅक्टर गेला. मला वाटलं, आली. माझी बायको परत आली.

उपासनेच्या शेवटी पाळकसाहेबांनी गुड फ्रायडेची नावं वाचली. पहिला शब्द, दुसरा, तिसरा, चौथा. पाचव्याला वत्सलामावशींच्या सुनेचं नाव. एस्तेर झावळीच्या पातीचा क्रूस विणत बसली होती, बायका विणतात तसा. तिने मान वर केली नाही. फक्त बोटं उलटी चालायला लागली. विणलेलं उकललं, पाती सरळ केली आणि मांडीवर ठेवली.

घरी आल्यावर तिने विचारलं, ‘तुमाला इचारलं होतं का त्यांनी?’

‘विचारलं.’

‘मग?’

‘बरं म्हणालो.’

ती हसली. मी आयुष्यात बऱ्याच गोष्टींना भ्यालो, पण त्या हसण्याइतका कशाला नाही. म्हणाली, ‘ह्या घरात आल्यापासून माझं म्हणावं असं एक होतं. ते बी तुमी ‘बरं’ म्हणून दिलं.’

तेव्हा मला तिचाही राग आला, हेही लिहून ठेवतो. वाटलं, हिला तोंड आहे ना? मला अमुक होतंय, अमुक पाहिजे, हे सांगायला काय झालं? मनातलं ओळखायला मी काय संदेष्टा आहे का? हा राग मी चार दिवस पोसला. छान पोसला जातो असला राग, त्याला खायला काही लागत नाही.

गुड फ्रायडेला बायका पांढऱ्या साड्या नेसून येतात. पत्रा तापलेला. बाराला सुरुवात झाली आणि थोड्याच वेळात लाइट गेली. पाचव्या शब्दाला वत्सलामावशींची सून उभी राहिली. पोर चांगली, कागदावर लिहून आणलेलं नीट वाचत होती. तहान म्हणजे आत्म्याची तहान, असं काहीतरी. मी पुरुषांच्या बाजूने एस्तेरकडे बघत होतो. तिच्या अंगावर येणारी ती उकाड्याची लाट मला आता ओळखू येत होती. आधी मान लाल होते, मग ती पदर सैल करते. एस्तेर उठली. त्या तीन तासांत आमच्यात कुणी उठत नाही. लहान मूल रडलं तर बाहेर नेतात, तेवढंच. ती बायकांच्या रांगेतून, चपला हातात घेऊन, बाहेर गेली. ती पोर वाचता वाचता थांबली. आणि सगळ्या देवळाने माझ्याकडे पाहिलं.

मी उठलो. दुसऱ्यांदा. या वेळी कुणाला काही सांगायचं नव्हतं.

एस्तेर हापशापाशी बसली होती, तोटीखाली डोकं वाकवून. हापसा एकट्या माणसाला सोसत नाही. दांडा मारायला जावं तर तोटी लांब, तोटीपाशी बसावं तर दांडा लांब. ती नुसतीच कोरड्या तोटीखाली बसली होती. मी दांडा धरला. आमचा हापसा फार करकरतो, आणि तिथलं पाणी खोल गेलेलं. बराच वेळ नुसता वारा. मग आलं. तिच्या डोक्यावरून, पाठीवरून, पांढऱ्या साडीवरून. मी मारत राहिलो. ती ओंजळीने प्यायली, परत डोकं खाली घातलं.

मग ती बोलली. तोंड खाली, आवाज पाण्यात भिजलेला.

‘दरवर्षी मी बी त्येच बोलायचे. आत्म्याची तहान. लोक माना हलवायचे. खोटं न्हवतं, पण मला तवा तहान लागलेली न्हवती. औंदा मला बोलता आलं असतं.’

मी दांडा मारत राहिलो.

‘वधस्तंभावर त्याला पाणी पायजे होतं वो. साधं. अंगाची आग व्हत होती म्हणून पाणी. अन् लोकांनी आंब आणली, आंबलेली दारू. काठीला बोळा बांधून पार तोंडापर्यंत नेली, लई कष्ट घेतले. सगळी वाईट माणसं न्हवती ती. जवळ होतं ते दिलं. पण पाणी कुणी दिलं न्हाई.’ तिने चेहऱ्यावरून हात फिरवला आणि पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. ‘मी तुमाला पंखा म्हणलं होतं.’

तो पाचवा शब्द मी एकट्याने ऐकला. तसा प्रवचनासाठी मी काही मोठा श्रोता नव्हे. पण तिने माझ्याकडे पंखा मागितला होता आणि मी तिच्यासाठी देवाकडे शांती मागितली, हे त्या उन्हात माझ्या डोक्यात शिरलं आणि तिथंच राहिलं. ती सांगत नाही असं मी चार दिवस मनात घोळवत होतो. तिने दिवाळीला सांगितलं होतं, नाताळला सांगितलं होतं. तिच्या नवऱ्याच्या हातात जे होतं तेवढंच तिने मागितलं होतं.

नंतर वत्सलामावशी मला म्हणाल्या, ‘बाबा, पाचव्या शब्दाला हापशाचा आवाज आला तवा लई बरं वाटलं. आमा सगळ्यालाच तहान लागलेली.’

शनिवारी दुकान उघडलं नाही. स्टूल घेतलं, पंखा उतरवला, कंडेन्सर बदलला, बेअरिंगला ग्रीस दिलं. एस्तेर खाली स्टूल धरून उभी होती. वर हात गुंतलेले असताना माणूस पळून जाऊ शकत नाही, हे तिने हेरलं असावं. तिने खालून सांगितलं की ती मागंच बीडला डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आली होती, एकटी. पाळी जायचे दिवस आहेत म्हणाल्या, अंगात अशी आग होते, चित्त थाऱ्यावर राहत नाही, काहींना वर्ष, काहींना जास्त. येताना एसटीत जीव घाबरला म्हणून मांजरसुंब्याला उतरली, आणि एका धाब्यावर एकटीने बसून भजी खाल्ली, चहा प्यायली. लई बरं वाटलं, म्हणाली.

मी हा शब्द, पाळी हा, इथं लिहिला. मंडळीत वाचून कुणी खाकरेल. खाकरा.

‘मला का नाही सांगितलंस?’ मी वरून विचारलं.

‘कावून सांगू? तुमी मंडळीत सांगितलं असतं.’

मी बटण दाबायला सांगितलं. पंखा फिरला. खरा फिरला. तिचा पदर उडाला, भिंतीवरचं कॅलेंडर उडालं, माझ्या हातातला जुना कंडेन्सर तेवढा जागेवर. ती डोळे मिटून उभी राहिली. मी कौतुकाची वाट बघितली.

‘आवाज करतोय,’ ती म्हणाली.

पुढचं एवढं काही सुरेख नाही. वर्ष-दोन वर्षं ती आग येत-जात राहिली. भर चैत्रातही मी सोलापुरी चादर पांघरून झोपतो, कारण पंखा पाचावर; चारावर आणला तर तिला झोपेतही कळतं. तिचा आवाज खाली उतरला. आता ती गीत वरच्या पट्टीत उचलत नाही. पुरुषांच्या बाजूने जो सूर चालतो त्याच्याजवळ चालते. मला पहिल्यांदाच तिच्याबरोबर गाता येतं, माझी दोन कडवी तीन झाली. संध्याकाळी ती बसते. रोज नाही. ज्या दिवशी बसत नाही त्या दिवशी म्हणते, आज तुमी जा, माझं सांगा. मी सांगतो की ती आत आहे.

पाचवा शब्द मात्र तिने परत घेतला नाही. पाळकसाहेब पुढच्या वर्षीच आले होते, स्वतःहून, अवघडून. ती म्हणाली, बघू. त्याच्या पुढच्या वर्षीही, बघू. मला ते ‘बघू’ फार बोचायचं. माझंच होतं ते, ‘बघतो’. ती मला माझंच नाणं परत देत होती की खरंच बघत होती, कळायला मार्ग नव्हता, आणि विचारायची माझी छाती नव्हती.

परवा सभा आमच्या घरी होती. पंखा पाचावर. गीतांच्या पुस्तकांची पानं फडफडत होती, वत्सलामावशी डोक्यावरून पदर घट्ट ओढून बसल्या होत्या आणि कुणीतरी पंखा बारीक करा म्हणून माझ्याकडे बघत होत्या. मी बघितलं नाही. विनंत्या झाल्या. माझ्या गुडघ्यावर शेजाऱ्याचा हात होताच. मग पाळकसाहेब एस्तेरकडे वळले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, ‘ताई, यंदा पाचव्या शब्दाला मी कुणाचंच नाव घातलेलं नाही.’

 आणि माझ्या मंडळीची खोड अशी, की उत्तर तिने द्यायचं होतं, आणि माना वळल्या माझ्याकडे. एस्तेरचीही वळली. तिच्या मानेवर लाल चढत होतं. आग अजून पुरती गेलेली नाही, कधीमधी येते. शेजाऱ्याचा हात बाजूला करून मी उभा राहिलो. वत्सलामावशींनी डोळे मिटले, आता हा काय बोलतो म्हणून.

मी आत गेलो, माठातून तांब्या भरला आणि तिच्यासमोर आणून धरला.

तिने तो घेतला. मान मागं टाकून, वरून धार धरून, सगळ्यांसमोर सावकाश रिकामा केला. पदराने तोंड पुसलं.

‘घाला माझं नाव,’ ती पाळकसाहेबांना म्हणाली. मग तांब्या माझ्या हातात देत, ‘अन् पाहुण्यांना पाणी कोण देणार? एकटीलाच आणलंत.’

मी परत आत गेलो.